इशारा यंत्र देईल, पण उठून जाणार कोण?

हृदयात बसवलेल्या यंत्रावर दुरून नजर ठेवणाऱ्या संगणकाविषयी आपल्या लोकांत सध्या दोन मते ऐकू येतात. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिले मत असे की, ही सगळी पाळत आहे. छातीत यंत्र, यंत्रातून घरातल्या डब्यात माहिती, डब्यातून परदेशी कंपनीकडे. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली, म्हणजे माणसाचे ठोकेसुद्धा त्याचे राहिले नाहीत. तेव्हा असले काही घेऊच नका. दुसरे मत सुशिक्षितांचे. ते म्हणतात, हे विज्ञान आहे, आणि आपण विज्ञानवादी आहोत. डॉक्टरांनी दिले ते घ्यावे, शंका काढणे हे मागासपणाचे लक्षण. पहिल्या मताचा माणूस यंत्राला घाबरतो, दुसऱ्या मताचा त्याच्यापुढे हात जोडतो. चिकित्सा दोघेही करत नाहीत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हे तंत्र उपयोगी आहे आणि गरिबाला, दूरच्याला ते आधी मिळाले पाहिजे. पण इशारा आल्यावर कोणत्या माणसाने, किती वेळात, काय करायचे हे लिहून ठरल्याशिवाय कृत्रिम बुद्धिमत्ता रुग्णाचे रक्षण करत नाही. ती फक्त जबाबदारी कोणाच्या अंगावर राहणार नाही याची सोय करते. ही सोय आपण मुकाट्याने स्वीकारू नये.

आधी यंत्र काय आहे ते साध्या भाषेत पाहू. हृदयाचे ठोके फार मंद झाले किंवा मध्येच थांबू लागले तर पेसमेकर बसवतात. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ऑक्टोबर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला लावला गेला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. पण एकामागून एक नवी यंत्रे बसवत हा माणूस २००१ पर्यंत जगला. ठोके अचानक बेफाम होऊन जीव जाण्याचा धोका असेल तर आयसीडी नावाचे यंत्र बसवतात; ते वेळ पडल्यास आतूनच विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणते. असे पहिले यंत्र १९८० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवले गेले. ते घडवण्यासाठी वर्षानुवर्षे झटलेला मिशेल मिरोव्स्की वॉर्सात जन्मलेला ज्यू होता. माणूस वाचवणाऱ्या शोधाला जात-धर्म विचारायचा नसतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

ही यंत्रे ठोक्यांची नोंद ठेवतात. पूर्वी ती नोंद वाचायला रुग्णाला दर काही महिन्यांनी रुग्णालयात जावे लागे. या शतकाच्या सुरुवातीपासून ती घरून पाठवता येऊ लागली. पलंगाजवळ एक डबा ठेवायचा. रात्री झोपेत यंत्र त्याच्याशी बिनतारी बोलते, आणि डबा मोबाइल नेटवर्कवरून नोंद कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. नव्या यंत्रांत डब्याऐवजी फोनवरचे ॲप हेच काम करते. डॉक्टर आपल्या संगणकावर ती नोंद पाहतात. याला रिमोट मॉनिटरिंग म्हणतात. मेडट्रॉनिक, ॲबट, बोस्टन सायंटिफिक, बायोट्रॉनिक या बड्या कंपन्या आपापली यंत्रे आणि आपापली जाळी चालवतात.

आता तारकर्लीत बसून याचा विचार करा. मालवण सहा-सात किलोमीटर. तिथे ताप-सर्दीचे बघणारा डॉक्टर मिळेल, ईसीजी निघेल. पण छातीतले यंत्र तपासायला त्या कंपनीचा प्रोग्रॅमर लागतो आणि तो हाताळणारा जाणकार लागतो. त्यासाठी बांबोळी गाठायची तर शंभराहून अधिक किलोमीटर, कोल्हापूर घाट चढून दीडशेच्या आसपास, मुंबई तर एका रात्रीचा प्रवास. पर्यटनाच्या हंगामात होडी चालवणाऱ्याचा, खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईचा एक दिवस बुडतो; सोबत येणाऱ्याचा दुसरा. शिवाय गाडीभाडे. बांबोळीचा दरवाजाही नेहमी सारखा उघडा राहिलेला नाही. २०१८ च्या सुरुवातीपासून गोव्याच्या सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात किती ओरड झाली हे लोक विसरलेले नाहीत. अशा ठिकाणी "चार महिन्यांनी दाखवायला या" हे वाक्य बोलायला सोपे आणि पाळायला महाग असते. म्हणून जो कोणी तारकर्ली-देवबागच्या रुग्णाला सांगतो की घरचा डबा म्हणजे पाळत आहे, फेकून दे, तो त्या रुग्णाचे नुकसान करतो. दुरून तपासणीची गरज पुण्याच्या रुग्णापेक्षा आपल्याला अधिक आहे.

पण दुरून तपासणी म्हणजे नेमके काय, यावरच सगळे अवलंबून आहे. दोन मोठे अभ्यास शेजारी ठेवून पाहा. पहिला इन-टाइम. २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. हृदय कमकुवत झालेले आणि यंत्र बसवलेले ६६४ रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाची माहिती रोज पाहिली गेली, दुसऱ्याची नाही. वर्षभरात पहिल्या गटात १० माणसे गेली, दुसऱ्यात २७. फरक मोठा आहे. दुसरा अभ्यास ऑप्टिलिंक, जर्मनीतला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला, १००२ रुग्णांचा. तिथे फुप्फुसात पाणी साचू लागल्याचा अंदाज यंत्र घेई आणि इशारा आपोआप डॉक्टरकडे जाई. निष्कर्ष काय निघाला? मृत्यू आणि रुग्णालयात भरती होणे यात म्हणावा असा फरक नाही.

दोन्हीकडे यंत्रे चांगली होती, देश श्रीमंत होते. मग फरक कुठे पडला? अशा दोन अभ्यासांत रुग्ण वेगळे असतात, मोजलेल्या गोष्टी वेगळ्या असतात, हे खरे. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. इन-टाइममध्ये लाइपझिगला एक मध्यवर्ती केंद्र होते. तिथली माणसे रोज नोंदी पाहत, रुग्णाच्या डॉक्टरला कळवत, आणि रुग्णाला फोन जाई: गोळ्या घेता का, दम लागतो का, वजन वाढले का. ऑप्टिलिंकमध्ये सुमारे एक चतुर्थांश इशारे पोचलेच नाहीत, आणि जेमतेम तीस टक्के इशाऱ्यांनंतर उपचारात काही बदल झाला. इशारा निघणे वेगळे आणि त्या इशाऱ्यावरून कोणीतरी काही करणे वेगळे. जीव वाचतो तो दुसऱ्या गोष्टीने.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता यात कुठे शिरते ते पाहू. ही यंत्रे फार बोलतात. विशेषतः छातीच्या कातडीखाली बसवायची छोटी नोंद-यंत्रे, ज्यांना लूप रेकॉर्डर म्हणतात, ती रुग्ण कुशीवर वळला तरी कधी कधी ठोका चुकल्याचे कळवतात. खोट्या इशाऱ्यांच्या ढिगात खरा इशारा हरवतो आणि नर्स, तंत्रज्ञ थकून जातात. म्हणून कंपन्यांनी संगणकाला लाखो नोंदी दाखवून खरे-खोटे ओळखायला शिकवले. मेडट्रॉनिकच्या अशा प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये परवानगी दिली. कंपनीच्या आकड्यांनुसार, आलिंद कंपनाचे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लयीत न धडधडता थरथरू लागल्याचे, खोटे इशारे तिने ७४.१ टक्क्यांनी कमी केले आणि खऱ्यांपैकी ९९.३ टक्के राखले.

हे काम वाईट नाही. मी उलट म्हणेन, चांगले आहे. पण ९९.३ चा अर्थ नीट वाचा. हजार खऱ्या इशाऱ्यांतले सात गाळले गेले. आलिंद कंपन न कळता राहिले तर रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते, म्हणजे पक्षाघात. गाळलेल्या सातांत तुमची आई असेल तर जाब कोणाला विचारायचा? कंपनी म्हणेल, आमचे साधन डॉक्टरला मदत करण्यापुरते आहे, निर्णय डॉक्टरचा. डॉक्टर म्हणतील, मला इशाराच आला नाही. रुग्णालय म्हणेल, प्रणाली कंपनीची. ९९.३ हा आकडा कोणीही माहितीपत्रकात छापेल. राहिलेल्या ०.७ ची जबाबदारी कोण घेतो, ते कोणी छापत नाही. माझे भांडण त्या ०.७ शी नाही. माणूस डॉक्टरसुद्धा चुकतो. माझे भांडण त्याच्या मालकीशी आहे.

आपल्याकडे याबाबत नियमच नाहीत असे कोणी म्हणू नये. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने रुग्णाला सल्ला देऊ शकत नाहीत, औषध लिहून देऊ शकत नाहीत. ती नोंदणीकृत डॉक्टरला साह्य करू शकतात, शेवटचा सल्ला डॉक्टरनेच द्यायचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यातही उत्तरदायित्व आहे. कागदावर जबाबदार माणूस आहे. मग यंत्र बसवताना त्या माणसाचे नाव रुग्णाच्या कागदावर का नसते?

यावर नेहमीचे उत्तर येते: डॉक्टर आहेत कुठे? सिंधुदुर्गात हृदयरोगतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजावेत, म्हणूनच तर एआय हवे. तुम्ही माणूस मागत बसलात तर हेही मिळणार नाही. हे उत्तर ऐकायला व्यवहारी वाटते, पण ते उलटे आहे. हृदयाच्या ठोक्यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२३ मध्ये एकत्र येऊन जी शिफारस केली ती अशी: दुरून तपासल्या जाणाऱ्या दर १००० रुग्णांमागे किमान तीन पूर्णवेळ माणसे. तीन हृदयरोगतज्ज्ञ नव्हे; नोंदी पाहणारे, फोन करणारे, डबा बंद पडला तर विचारपूस करणारे मिळून तीन. ओरोसला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया तिथे उद्या सुरू करा असे मी म्हणत नाही. पण जिल्ह्यात ज्यांच्या छातीत यंत्र आहे त्यांची यादी करणे, एक प्रशिक्षित परिचारिका आणि एक तंत्रज्ञ नेमणे, इशारा आला की बांबोळीच्या किंवा कोल्हापूरच्या तज्ज्ञाला विचारून रुग्णाला फोन करणे, एवढे तर होऊ शकते. यंत्रावर लाखो रुपये खर्च होतात आणि त्याचे ऐकायला एका परिचारिकेचा पगार नाही, हे दारिद्र्य नाही, हा अग्रक्रमाचा प्रश्न आहे.

एआय आणि माणूस यांत निवड करावी लागते, हेच मुळात खोटे आहे. पुरावा लांब शोधायला नको, पत्रादेवीच्या पलीकडे पाहा. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी स्टेमी प्रकल्प चालतो. लहान आरोग्य केंद्रात ईसीजी निघतो, तो संगणकाच्या मदतीने लगेच तपासला जातो, डॉक्टर त्यावर शिक्कामोर्तब करतात. झटका असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच दिले जाते आणि रुग्णाला रुग्णवाहिकेतून गोमेकॉकडे पाठवतात. तिथेही कृत्रिम बुद्धिमत्ता आहेच. पण तिच्या पुढे डॉक्टर आहे, इंजेक्शन आहे, गाडी आहे, रिकामी ठेवलेली खाट आहे. साखळीतली एक कडी म्हणून तिचे मोल आहे. एकटी कडी हातात देऊन कोणी साखळी दिली म्हणत असेल तर ती आपण का मानावी?

दुसरा मुद्दा शिकवणीचा. संगणक जे पाहतो तेच शिकतो. अमेरिकेत २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात एक शोधनिबंध आला. तिथली रुग्णालये कोणाला जास्त देखभालीची गरज आहे हे ठरवायला एक संगणकी प्रणाली वापरत. तिने आजाराचे माप म्हणून आधीचा खर्च धरला होता. काळ्या लोकांवर खर्च कमी झालेला, कारण त्यांना उपचारच कमी मिळालेले. प्रणालीने अर्थ काढला की ते कमी आजारी आहेत. कोणी मुद्दाम द्वेष केला नव्हता. पण अन्याय मात्र पक्का झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात दिसले की बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र काळ्या रुग्णांत धोका चुकवण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट होते.

आपल्यासाठी यात धडा आहे. जो मच्छीमार दहा वर्षांत एकदाही मोठ्या रुग्णालयात गेला नाही, त्याची नोंद कोरी आहे. कोरी नोंद म्हणजे निरोगी, असे संगणक समजणार नाही याची खात्री कोणी करून घेतली? आता रमजानचे उदाहरण घ्या. काही यंत्रे छातीतला विद्युत अवरोध, रात्रीचे ठोके, श्वास आणि दिवसभराची हालचाल एकत्र करून हृदय कमकुवत पडत असल्याचा अंदाज बांधतात. रोजे धरणाऱ्या माणसाचा महिनाभर सगळा क्रम बदलतो. दिवसा पाणी नाही, संध्याकाळी भरपेट, रात्री तरावीह, पहाटे सहरी, झोप तुकड्यातुकड्याने. ज्या नोंदींवर प्रणाली शिकली त्यात असे किती महिने होते? खोटे इशारे वाढतील की खरे इशारे दबले जातील? हा प्रश्न धार्मिक नाही. करोडो माणसांच्या शरीराचा वर्षातला एक महिना आहे, आणि यंत्र विकणाऱ्याने त्याचे उत्तर दिले पाहिजे. आणि हो, हृदय कमकुवत असताना रोजा धरावा की नाही हे डॉक्टरला विचारा. आजाऱ्याला सूट आहे हे सगळ्यांना पाठ असते, तरी घरातली म्हातारी माणसे लपवून रोजे धरतात, मग गोळ्यांच्या वेळा चुकतात.

तिसरा मुद्दा घरातला आहे, आणि आपल्या चळवळीने तो टाळू नये. तारकर्लीत राहणाऱ्या माझ्या फुफूच्या छातीत आयसीडी आहे. ते एका शहरातल्या रुग्णालयात बसले. संमतीचा कागद इंग्रजीत होता; फुफूने अंगठा दिला नाही, सही केली, कारण तिला मराठी लिहिता-वाचता येते. पण तो कागद तिला कोणी वाचून दाखवला नाही. संपर्कासाठी नातवाचा नंबर दिला गेला. नातू हंगामात पर्यटकांना घेऊन समुद्रात असतो. फोन बोटीवरच्या डब्यात, अनेकदा बंद. घरी आणलेले यंत्र आधी टीव्हीजवळ ठेवले होते, कारण तिथे पॉइंट होता. फुफू झोपते माजघरात. ते जवळ ठेवायचे असते हे कोणी सांगितलेच नव्हते. एकदा रुग्णालयातून फोन आला की तीन आठवडे नोंद आलेली नाही. म्हणजे तीन आठवडे कोणी पाहत नव्हते, आणि पाहत नाही हे कळायलाही तीन आठवडे लागले. फुफूने मला मालवणीत एकच प्रश्न विचारला, "ह्या डब्यात काय दिसता ता माका कोण सांगतलो?"

हा प्रश्न फक्त फुफूचा नाही. आपल्या घरांत फोन ज्याच्या हातात, निर्णय त्याच्या हातात. बाईच्या हृदयाची माहिती मुलगा, नवरा, दीर यांना कळते. तिला शेवटी, आणि तीही गाळून. तलाक, पोटगी, वारसा यांवर आपण बोललो तेव्हा मुद्दा हाच होता की बाई ही स्वतंत्र नागरिक आहे. तिचे ठोके तिला आधी कळले पाहिजेत. तिचा स्वतःचा फोन नसेल तर तिला समजेल अशा भाषेत, तिच्याशी थेट बोलणारी एक बाई हवी. ॲप हे त्याला पर्याय नाही.

वीज आणि नेटवर्क हा चौथा मुद्दा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा मालवण किनाऱ्याला कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. माणसाच्या छातीतले यंत्र त्या काळातही आपले काम करतच असते, कारण त्याची बॅटरी आत असते. हे लोकांना नीट सांगितले पाहिजे, नाहीतर वीज गेली की रुग्ण घाबरतो. पण दुरून बघणारा डोळा मात्र त्या काळात बंद. आणि साध्या दिवशीसुद्धा ही आपत्कालीन सेवा नाही, असे कंपन्यांच्याच माहितीपत्रकांत लिहिलेले असते. छातीत दुखले, चक्कर आली, यंत्राने झटका दिला, तर डब्याकडे बघत बसायचे नाही, १०८ ला फोन करायचा. हे किती रुग्णांना माहीत आहे? अनेकांची समजूत अशी की "वर कोणीतरी बघतोय". ही समजूत दूर करणे हे यंत्र बसवणाऱ्याचे काम आहे. खोटा दिलासा हाही अपायच.

आता पाळतीच्या भीतीकडे येतो. ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात एका माणसावर स्वतःचे घर जाळल्याचा आरोप होता. पोलिसांनी त्याच्या पेसमेकरची नोंद मिळवली आणि २०१७ मध्ये न्यायाधीशाने ती पुरावा म्हणून चालेल असे ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲबटच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी असल्याने दुरुस्ती जाहीर करावी लागली. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी तर आपल्या यंत्राची बिनतारी सोय डॉक्टरांकडून आधीच बंद करून घेतली होती. म्हणजे भीती अडाण्यांची नाही. पण चेनींना चोवीस तास डॉक्टर होते. आपल्या माणसाने डबा बंद केला तर त्याला काहीच उरत नाही. म्हणून उत्तर नकार हे नाही. उत्तर हक्क हे आहे.

हक्क आपल्याकडे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली असली पाहिजे, आणि संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. मराठी, उर्दू, कोकणी तिन्ही त्या अनुसूचीत आहेत. आपल्याबद्दल कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा हक्कही त्यात आहे. या कायद्यात उणिवा आहेत. आरोग्याची माहिती अधिक नाजूक म्हणून तिला वेगळे संरक्षण त्यात नाही. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट केंद्राने स्वतःसाठी ठेवली आहे. त्या उणिवांविरुद्ध लढायचे आहेच. पण जे मिळाले आहे ते वापरायला कोणी अडवले आहे? सगळ्या तरतुदी लागू होण्याची वाट न पाहता मराठीतला कागद आजच मागता येतो.

तेव्हा मागायचे काय, ते मी नेमके लिहितो. यंत्र बसवण्यापूर्वी रुग्णाच्या भाषेत एक पान मिळाले पाहिजे. त्यावर लिहिलेले असावे: नोंद कोण पाहणार, त्याचे नाव आणि फोन, कामाच्या दिवशी इशारा किती तासांत पाहिला जाईल, रविवारी, ईदला, गणपतीत काय होईल, संगणक इशारे गाळतो का, आणि गाळलेले इशारे कधी कोणी तपासतो का, नोंद येणे बंद झाले तर किती दिवसांत विचारपूस होईल, माहिती कोणत्या कंपनीकडे, कोणत्या देशात राहील, रुग्णाला स्वतःच्या नोंदीची प्रत कशी मिळेल. दुसरी मागणी सरकारकडे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून पेसमेकर बसतो ही चांगली गोष्ट. पण यंत्र आठ-दहा वर्षे चालते. तेवढी वर्षे त्याची नोंद पाहणाऱ्या माणसाचा खर्चही त्याच योजनेने उचलावा आणि ओरोसला यंत्रधारकांचे केंद्र सुरू करावे. तिसरी मागणी कंपन्यांकडे. तुमची प्रणाली भारतातल्या किती रुग्णांवर, किती स्त्रियांवर तपासली, ते जाहीर करा.

आणि चौथे काम आपले स्वतःचे. राज्यघटनेच्या कलम ५१ अ (ह) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. शोधक बुद्धी म्हणजे दिलेले गिळणे नव्हे. मालवण, आचरा, देवगड, वेंगुर्ले इथल्या आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या मोहल्ल्यात, वाडीत, कोणाच्या छातीत यंत्र आहे ते रुग्णाच्या संमतीने विचारून घ्यावे. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन असा भेद त्यात नको. समुद्राकाठचे हृदय सगळ्यांचे सारखेच दूर आहे. डबा झोपायच्या जागेजवळ आहे का, नंबर घरात असणाऱ्या माणसाचा आहे का, यंत्राचे ओळखपत्र हाताशी आहे का, १०८ कधी लावायचा हे ठाऊक आहे का, एवढे चार प्रश्न विचारायला वैद्यकीय पदवी लागत नाही. जिथे उत्तर नाही तिथे रुग्णालयाला रुग्णाच्या सहीने लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. अशी वीस पत्रे एका जिल्ह्यातून गेली तरी कोणाला तरी वीस वेळा लिहून द्यावे लागेल की जबाबदार कोण. आजवर ते एकदाही लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.